क्लोरीनच्या पूलमध्ये मीठ घालायचं का? घालायचं तर किती?

निळाई:

घरच्या स्विमिंग पूलबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. पूल ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद. उथळ बाजू १ मीटर, खोल बाजू १.८ मीटर, तळाला एकसारखा उतार. सरासरी खोली १.४ मीटर धरली तर पाणी ४५,००० लिटरच्या आसपास येतं. आतून टाईल्स आहेत, कडेला वाळूच्या दगडाचं कोपिंग (काठावरची फरशी), स्टीलची शिडी, सँड फिल्टर, १२ व्होल्टचे दिवे. हीटर नाही. बॅकवॉश (फिल्टरमधून उलटं पाणी सोडून तो धुणं) पंधरा दिवसांतून एकदा होतो. पाणी वर्षभर बदललेलं नाही, फक्त उडून गेलेलं भरून काढलं जातं.

रोज संध्याकाळी १० टक्क्यांचं द्रव क्लोरीन सव्वा ते दीड लिटर पडतं. आजचं मोजमाप: फ्री क्लोरीन ३, एकूण क्लोरीन ३.८, पीएच ७.६, अल्कलिनिटी ९०, कॅल्शियम हार्डनेस २५०, स्टॅबिलायझर (क्लोरीन उन्हात टिकवणारं रसायन) ४०. पीएच सोडून सगळे आकडे पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग.

मिठाचं क्लोरिनेटर बसवायचा सध्या विचार नाही. पण नुसतं मीठ घातलं तरी पाणी मऊ लागतं, डोळे चुरचुरत नाहीत आणि क्लोरीनही कमी लागतं, असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. यातलं खरं किती? घालायचं झाल्यास किती, कोणतं आणि कसं? शिडी आणि दगड खराब होतील का? आणि पुढेमागे क्लोरिनेटर बसवलाच तर आत्ता घातलेलं मीठ उपयोगी पडेल का?

क्षारमापक:

@निळाई, आकडे एवढे व्यवस्थित दिलेत, त्यामुळे नेमकं उत्तर देता येईल.

आधी क्लोरीनचं. मिठाने क्लोरीनची गरज कमी होत नाही, अजिबात नाही. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, आणि क्लोराइड जंतूही मारत नाही आणि शेवाळही रोखत नाही. क्लोरिनेटरच्या सेलमधून वीज गेली तरच त्याचं क्लोरीन होतं. सेल नसेल तर मीठ पाण्यात नुसतं पडून राहतं. हे समजून न घेता मीठ टाकून क्लोरीन निम्म्यावर आणलं, की आठवडाभरात भिंती बुळबुळीत होतात आणि पुढे पाणी हिरवं होतं.

मऊपणाचं बरंचसं खरं आहे. साधारण १,५०० ते २,००० पीपीएम मीठ असलं की पाणी अंगाला किंचित गुळगुळीत लागतं, बाहेर आल्यावर कातडी कमी ओढल्यासारखी वाटते. हा फरक कुणाला लगेच जाणवतो, कुणाला अजिबात जाणवत नाही. २,००० पीपीएम म्हणजे ०.२ टक्के. अश्रूंमध्ये ०.९ टक्के मीठ असतं आणि समुद्रात ३.५ टक्के, यावरून अंदाज घ्या. चव बहुतेकांना लागत नाही.

आता जी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही ती. तुमच्या पूलमध्ये मीठ आधीच आहे, आणि भरपूर आहे. हायपोक्लोराइटमधून (तुमचं द्रव क्लोरीन म्हणजे तेच) १ पीपीएम क्लोरीन घातलं की पाण्यात १.६५ पीपीएम मीठ मागे राहतं. अर्धं मीठ त्या द्रवात तयार होतानाच मिसळलेलं असतं. उरलेलं नंतर बनतं, कारण क्लोरीन जंतू मारून संपो की उन्हाने मोडो, शेवटी त्याचं क्लोराइडच होतं. तुमचं रोजचं १.३५ लिटर म्हणजे १३५ ग्रॅम क्लोरीन, ४५,००० लिटरमध्ये ३ पीपीएम. म्हणजे रोज ५ आणि महिन्याला जवळपास १५० पीपीएम मीठ जमतं. पाणी उडून जातं, मीठ जात नाही. वर्षभरात बॅकवॉशने आणि पावसाच्या ओसंडण्याने काही वाहून गेलं असेल, तरी आज १,००० च्या वर असणार असा माझा अंदाज आहे. पीएच उतरवायला वापरलेलं हायड्रोक्लोरिक ॲसिडही क्लोराइडच वाढवतं, ते वेगळं.

म्हणून मिठाची गोणी आणण्याआधी मोजा. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटरवर विसंबू नका. तो विजेची वाहकता मोजून तिचं आकड्यात रूपांतर करतो, त्यामुळे कॅल्शियम, बायकार्बोनेट, सगळंच त्यात धरलं जातं. शिवाय रूपांतराचा गुणक कुठल्या मीटरमध्ये ०.५ असतो, कुठल्यात ०.७. मिठाचं थेंबांचं किट घ्या. १० मिलीलिटर पाण्यात क्रोमेटचा एक थेंब टाकला की ते पिवळं होतं. मग सिल्व्हर नायट्रेटचे थेंब एकेक करून टाकायचे आणि दर थेंबाला बाटली गोल फिरवायची. थेंब पडतो तिथे क्षणभर विटकरी ढग दिसतो आणि हलवताच नाहीसा होतो, पाणी दुधट पिवळं होत जातं. ज्या थेंबाला तो विटकरी रंग हलवूनही राहतो तिथे थांबायचं. दर थेंब २०० पीपीएम. शेवटचा थेंब घाईत पडला तर आकडा २०० ने फसतो, त्यामुळे दोनदा करा. सिल्व्हर नायट्रेटने बोटं आणि कपडे काळे पडतात, क्रोमेट विषारी आहे. हातमोजे घाला आणि तपासलेलं पाणी पूलमध्ये परत ओतू नका.

डोळ्यांबद्दल वेगळं लिहितो, कारण तुमच्या डोळ्यांचं कारण मीठ नाही. एकूण क्लोरीन ३.८ आणि फ्री ३, म्हणजे ०.८ पीपीएम क्लोरीन घाम, लघवी वगैरेतल्या नायट्रोजनशी जोडलं जाऊन क्लोरामाइन झालेलं आहे. डोळे चुरचुरणं आणि तो "क्लोरीनचा" उग्र वास, दोन्ही याचेच. हा आकडा ०.५ च्या खाली हवा. मीठ घालून क्लोरामाइन जात नाही, जास्तीचं क्लोरीन देऊनच जातं.

गाळणी:

क्षारमापक यांनी मुद्दा बरोबर पकडला आहे. मी मीठ निवडण्याचं आणि घालण्याचं लिहिते.

मीठ हवं ९९ टक्क्यांपेक्षा शुद्ध सोडियम क्लोराइड, आयोडीन नसलेलं, गुठळ्या न होण्यासाठी काही न मिसळलेलं. आयोडीनचा बाऊ मात्र फार केला जातो. किलोमागे ३० मिलिग्रॅम आयोडीन धरलं तरी ५० किलो मिठातून दीड ग्रॅम येतं, ४५,००० लिटरमध्ये ते नगण्य आहे. माझा आक्षेप जास्त आहे तो मोकळं राहण्यासाठी घातलेल्या पदार्थांना. त्यातले काही विरघळत नाहीत आणि पाणी गढूळ करतात, आणि फेरोसायनाइड प्रकारच्या पदार्थात लोह असतं. न धुतलेलं समुद्री खडेमीठ तर घेऊच नका. त्यात माती, मॅग्नेशियम, सेंद्रिय गाळ असतो, आणि तो गाळ जाळायला तुमचंच क्लोरीन खर्ची पडतं.

गोणीवर काय छापलंय त्यापेक्षा सोपी परीक्षा घरी करता येते. काचेच्या स्वच्छ बरणीत १ लिटर साधं पाणी, त्यात ३५ ग्रॅम मीठ, ढवळून तासभर ठेवायचं. पांढऱ्या कागदासमोर धरून बघा. पाणी काचेसारखं नितळ हवं. तळाशी करडा थर दिसला किंवा वर तवंग आला तर ते मीठ नको. मग त्यातच चमचाभर द्रव क्लोरीन टाकून रात्रभर ठेवा. सकाळी पिवळट किंवा तपकिरी झाक आली तर मिठात लोह किंवा मँगनीज आहे. हीच झाक टाईल्सच्या सांध्यांवर बसली तर काढताना नाकी नऊ येतात.

हिशोब सरळ आहे. १,००० लिटरला १ किलो मीठ म्हणजे १,००० पीपीएम. तुमच्या पूलला दर १०० पीपीएमसाठी साडेचार किलो. जितकं हवं त्याच्या ८० टक्केच आधी घालायचं, कारण पूलच्या आकारमानात पाच-दहा टक्क्यांची चूक सहज असते. घातलेलं मीठ बाहेर काढण्याचा पाणी बदलण्याशिवाय घरगुती उपाय नाही.

घालण्याआधी पीएच आणि क्लोरीन जागेवर आणा. पंप चालू ठेवा, पाण्याचे रिटर्न (गाळलेलं पाणी पूलमध्ये परत येतं ती तोंडं) जोरात असू देत. मीठ उथळ बाजूने कडेकडेने चालत पसरून टाका, एका जागी ढीग पडू देऊ नका. मिठाचं दाट पाणी जड असतं, ते खाली बसतं आणि उताराने खोल बाजूकडे सरकतं. पोहण्याचा चष्मा लावून बघितलं तर तळाशी तेलासारखे लहरते धागे दिसतात. ते दिसत आहेत तोवर पाणी एकजीव झालेलं नाही. लांब दांड्याच्या ब्रशने खोल बाजूचं पाणी वर ढकलत राहा, मेन ड्रेनचा व्हॉल्व्ह थोडा जास्त उघडा. टाईल्सच्या सिमेंटी सांध्यांवर खड्यांचा ढीग तासन् तास राहिला तर सांधे फिके पडतात आणि भुसभुशीत होतात. त्यामुळे जाड खडे असतील तर आधी बादलीत विरघळवून ओतलेलं बरं. २० लिटर पाण्यात ४ किलो आरामात विरघळतं.

स्किमरमध्ये (वरवरचं पाणी पंपाकडे ओढून घेणारं तोंड) मीठ ओतायचं नाही. न विरघळलेले खडे पंपाच्या जाळीत आणि सीलपाशी अडकतात, आणि दाट द्रावणाचा लोंढा फिल्टर-पाईपमधल्या प्रत्येक धातूच्या भागावरून जातो. क्लोरीनच्या गोळ्यांचं फीडर लाइनमध्ये असेल तर त्यात तर कधीच नाही. पंप सलग २४ तास चालवून मगच पुन्हा मोजा आणि उरलेलं घाला. मोजायचं पाणी रिटर्नपासून दूर, हात कोपरापर्यंत बुडवून घ्यायचं.

वीटकाम:

मीठ किती घालायचं हे शेवटी तुमचा दगड ठरवणार आहे. पाण्यातल्या टाईल्सना २,००० काय, ३,००० पीपीएमनेही काही होत नाही. धोका कोपिंगला आहे, आणि तो वाळूचा दगड आहे हे वाचून लिहायला घेतलं.

उडालेलं पाणी दगडाच्या छिद्रांत शिरतं, ऊन लागलं की पाणी उडतं, मीठ आत स्फटिक होऊन बसतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओलं, पुन्हा कोरडं. स्फटिक वाढताना छिद्राच्या भिंतींवर दाब येतो आणि दगडाचा वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. पृष्ठभागावर पांढरी पूड दिसते ती झाडून जाते, त्याची फार काळजी नको. पण हात फिरवल्यावर वाळूचे कण सुटून बोटांना लागले तर आतून झिजायला सुरुवात झालेली आहे. वाळूचा दगड आणि मऊ चुनखडी यांना हे सगळ्यात जास्त, ग्रॅनाइटला जवळजवळ नाही. पोहणारे जिथून चढतात ती जागा आणि पाणी साचून वाळतं ते सांधे आधी जातात.

थेंबाची चाचणी दगडावरही करा. पूर्ण कोरड्या दगडावर पाण्याचा थेंब टाका. मिनिटाभरात तो आत मुरून काळा डाग पडला तर दगड उघडा आहे. त्यावर सिलेन-सिलोक्सेन प्रकारचा, आत मुरणारा सीलर लागतो. वर चकचकीत पापुद्रा धरणारा सीलर लावू नका, खालून येणारी ओल त्याच्याखाली अडकते आणि मीठ नेमकं तिथेच जमतं. सीलर लावण्याआधी दगड गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन काही दिवस कडक वाळवायचा, नाहीतर आत असलेलं मीठ आतच कोंडलं जातं. आणि सीलरपेक्षाही उपयोगी सवय म्हणजे पोहणं झाल्यावर कोपिंगवर साध्या पाण्याचा पाईप मारणं, ते पाणी पूलच्या बाहेर जाईल अशा उताराने.

शिडीचं सांगायचं तर क्लोराइड स्टेनलेस स्टीलवरचा संरक्षक थर बारीक ठिपक्यांत फोडतं. ३१६ ग्रेडमध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ते जास्त टिकतं, ३०४ लवकर तांबूस डाग धरतं. कोणतं आहे हे चुंबकाने कळत नाही, दोन्हींना चुंबक सहसा लागत नाही, तेव्हा बिल किंवा शिक्का बघा. गंज आधी दिसतो तो वेल्डच्या कडेला, पाण्याच्या रेषेवर, आणि शिडी जिथे जमिनीतल्या सॉकेटमध्ये बसते तिथे, कारण त्या फटीत पाणी साचून आटत राहतं. वर्षातून दोनदा शिडी उपसून सॉकेट धुवा. शिडीवरचा साधा तांबूस डाग मऊ फडक्याने निघतो, पण तारेची घासणी वापरली तर तिचे लोखंडी कण अडकून नवा गंज सुरू होतो.

माझं स्पष्ट मत: वाळूचा दगड असताना २,००० च्या वर जाऊ नका.

निळाई:

सगळ्यांचे मनापासून आभार. किट आणून दोनदा तपासलं, दोन्ही वेळा सातव्या थेंबाला रंग टिकला. म्हणजे १,४०० पीपीएम, मीठ एक चिमूटही न घालता! टीडीएस मीटर मात्र १,९०० दाखवतो. आता २,००० पर्यंत नेण्यात अर्थ आहे का? शिडीवर ३०४ चा शिक्का आहे. दगडावर थेंब अर्ध्या मिनिटात मुरला. क्लोरामाइनसाठी नेमकं किती क्लोरीन द्यायचं तेही सांगाल का?

क्षारमापक:

१,४०० हा आकडा तुमच्या क्लोरीनच्या खर्चाशी चांगला जुळतो. मीटर जास्त दाखवतोय यात नवल नाही, त्याने तुमची अल्कलिनिटी आणि हार्डनेसही धरली आहे. १,९०० वर विश्वास ठेवला असता तर गणित ५०० ने चुकलं असतं.

आधी क्लोरामाइन. स्टॅबिलायझर ४० असताना फ्री क्लोरीन त्याच्या साधारण ४० टक्के, म्हणजे १६ पर्यंत चढवायचं. आज ३ आहे, १३ कमी पडतात. १३ गुणिले ४५ म्हणजे ५८५ ग्रॅम, तुमच्या १० टक्क्यांच्या द्रवात सहा लिटरला थोडं कमी. द्रव महिनाभर उन्हात पडलेलं असेल तर त्याची ताकद उतरलेली असते, मग अर्धा-एक लिटर जास्त लागेल. आधी पीएच ७.२ ते ७.४ वर आणा, कारण क्लोरीन १० च्या वर गेलं की पीएचचं मोजमाप खोटं उंच दाखवतं. सूर्यास्तानंतर, पंप चालू असताना, रिटर्नच्या तोंडाशी हळूहळू ओता. तासाभराने मोजा, मग पहाट झाल्यावर ऊन पडायच्या आत पुन्हा मोजा. रात्रीतून फ्री क्लोरीन १ पीपीएमपेक्षा कमी उतरलं आणि एकूण व फ्री यांतला फरक ०.५ च्या आत आला तर काम झालं. नाहीतर पुन्हा १६ वर नेऊन ठेवायचं. फ्री क्लोरीन ५-६ वर येईपर्यंत पाण्यात उतरू नका. पूलवर कव्हर असेल तर या काळात काढून ठेवा, क्लोरामाइनची वाफ आणि ऊन, दोन्हींना वाट मिळाली पाहिजे.

पुढे रोजचं लक्ष्य ३ ठेवू नका. स्टॅबिलायझरच्या साडेसात टक्के ही तळाची मर्यादा, तुमच्यासाठी ती बरोबर ३ येते. म्हणजे संध्याकाळी डोस द्यायच्या आधी, दिवसातला सगळ्यात खालचा आकडा ३ किंवा जास्त असायला हवा. डोसनंतर ६ असू द्या. तुमच्या डोळ्यांना याने पडणारा फरक मिठापेक्षा कितीतरी मोठा असेल.

आता मीठ. १,४०० वरून २,००० म्हणजे ६०० गुणिले ४५, २७ किलो. पण घालण्याआधी हे बघा: तुमच्या क्लोरीनमधूनच महिन्याला १५० पीपीएम येतंय. महिन्याचे दोन बॅकवॉश प्रत्येकी ६०० लिटर धरले तर तेवढ्याने ४० च्या आसपास कमी होतं. निव्वळ वाढ महिन्याला ११०. पाच-सहा महिन्यांत काहीही न करता तुम्ही २,००० वर पोचणार आहात. मी तुमच्या जागी मीठ आणलं नसतं. क्लोरामाइन उतरवून दोन आठवडे पोहून बघा, पाणी हवं तसं लागतंय का ते. तरीही हौस असेल तर ९ किलो घाला, म्हणजे १,६००, आणि फरक जाणवतो का बघा.

एक तांत्रिक शंका बऱ्याच जणांना असते म्हणून लिहितो: मिठाने पीएच वाढत नाही. मिठाच्या पूलमध्ये पीएच चढतो तो सेलमध्ये सुटणाऱ्या हायड्रोजनच्या बुडबुड्यांमुळे. ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड सोबत घेऊन जातात. सेल नाही तर तो प्रश्न नाही.

वीटकाम:

अर्ध्या मिनिटात थेंब मुरला म्हणजे दगड तहानलेला आहे. मग मीठ घालो न घालो, सीलर आत्ताच लावा, कारण १,४०० पीपीएमचं पाणी त्यात रोज मुरतंच आहे. क्षारमापक म्हणतात ते पटतं, २७ किलो घालू नका. वाहकतेच्या दृष्टीने १,४०० ते २,००० ही उडी ३०४ च्या शिडीला लगेच खाणारी नाही, पण मिळणारा फायदाही तेवढाच बारीक आहे.

धनऋण:

क्लोरिनेटरचा प्रश्न राहिला. आत्ताचं मीठ वाया जाणार नाही. बहुतेक क्लोरिनेटर २,७०० ते ३,४०० च्या दरम्यान चालतात, ३,२०० धरलं तर तुम्हाला आजच्या १,४०० वरून ८१ किलो लागेल. सेल मीठ खात नाही. क्लोराइडचं क्लोरीन होतं, क्लोरीन काम करून पुन्हा क्लोराइड होतं. मीठ घटतं ते बॅकवॉश, गळती, ओसंडणं आणि अंगाबरोबर बाहेर जाणारं पाणी यांतून. उडालेलं पाणी भरताना मीठ घालायचं नसतं, ही चूक फार जण करतात आणि वर्षभरात ४,५०० वर जाऊन युनिट "मीठ जास्त" म्हणून बंद पडतं.

सेलचा आकार निवडताना "इतक्या लिटरच्या पूलसाठी" हे लेबल सोडा, ताशी किती ग्रॅम क्लोरीन देतो ते विचारा. तुमची गरज दिवसाला १३५ ग्रॅम. पंप ८ तास चालणार असेल तर १७ ग्रॅम ताशी हे पूर्ण ताकदीवर. कडक उन्हाळ्यात आणि पाहुण्यांच्या गर्दीत गरज वाढते, शिवाय १०० टक्क्यांवर सतत चालवल्यास सेलचा लेप लवकर झिजतो. म्हणून ताशी ३० ग्रॅमच्या आसपासचा घ्या आणि साठ टक्क्यांच्या आसपास चालवा. स्टॅबिलायझर ६० ते ८० लागेल, पाणी १५ अंशांच्या खाली गेलं की बरेचसे सेल उत्पादन थांबवतात.

पण त्याआधी बाँडिंग. शिडी, दिव्यांच्या कड्या, पंपाची बॉडी, काँक्रीटमधलं लोखंड हे सगळं तांब्याच्या जाड तारेने एकमेकांना जोडलेलं असायला हवं. खारं पाणी वीज जास्त वाहतं, तुमच्या १,४०० ला साधारण २.८ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर असेल तर ३,२०० ला सहाच्या वर. दोन धातूंमध्ये थोडा जरी व्होल्टेजचा फरक असला तरी त्यातला दुबळा धातू खर्च होतो. जस्ताचा बळी-ॲनोड (इतर धातूंऐवजी स्वतः झिजणारा तुकडा) बसवतात तोही या जोडणीला जोडला तरच काम करतो, नुसता स्किमरच्या टोपलीत टाकला तर तो एकटाच विरघळत बसतो. जोडणीची तपासणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करा, यात माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

आणि वाळूच्या दगडाचं कोपिंग तसंच ठेवून ३,२०० वर जायचं का, याचा विचार युनिट घेण्याआधी करा. मी आधी दगड बदलायला सांगेन.

गाळणी:

@निळाई, मऊ पाणी एवढंच हवं असेल तर बोरेटचाही विचार करता येईल. ५० पीपीएम बोरॉनसाठी १,००० लिटरला २८६ ग्रॅम बोरिक ॲसिड, तुमच्यासाठी १३ किलोला थोडं कमी. पाणी गुळगुळीत लागतं, पीएच स्थिर राहतो, शेवाळालाही थोडा चाप बसतो, आणि क्लोराइड वाढत नसल्याने दगड-शिडीवर त्याचा भार नाही. बोरिक ॲसिडने पीएच फार हलत नाही. बोरॅक्स वापरलात तर मात्र बरोबर भरपूर ॲसिड द्यावं लागतं, आणि त्यातून पुन्हा क्लोराइडच. घरात कुत्रा पूलचं पाणी पीत असेल तर बोरेट नको.

निळाई:

मीठ घालायचं नाही, हे ठरलं. आज रात्री क्लोरीन चढवते, दगडाचा सीलर पुढच्या आठवड्यात. शेवटचं एक: बॅकवॉशचं पाणी सध्या बागेत जातं. १,४०० ला ते चालेल का? आणि मीठ असंच वाढत राहिलं तर कधी थांबवायचं?

क्षारमापक:

बागेत नको. १,४०० पीपीएमचे ६०० लिटर म्हणजे दर खेपेला ८०० ग्रॅमहून जास्त मीठ मातीत जातं, आणि पाऊस ते धुऊन नेईपर्यंत मुळांपाशीच राहतं. पानांच्या कडा करपायला लागल्या की लक्षात येतं, तोवर मातीत सोडियम बसलेलं असतं आणि ती घट्ट होते. सांडपाण्याच्या नळीला जोडा. सेप्टिक टँक असेल तर तिथेही सोडू नका, तिथले जिवाणू आणि शोषखड्ड्याची माती दोन्ही बिघडतात.

थांबवायचं कधी, तर तुमच्या दगडासाठी २,००० ही रेषा धरा. महिन्यातून एकदा थेंब मोजत चला, दहावा थेंब आला की पाणी बदलायला सुरुवात. २,००० वरून १,५०० वर यायला एक चतुर्थांश, म्हणजे ११,००० लिटरच्या थोडं वर. भरायच्या पाण्यातही मीठ असतं, ते आधी मोजा. त्यात ३०० निघालं तर १३,००० लिटर लागतील. पावसाळ्यात पातळी आधीच एक वीत खाली घेऊन ठेवलीत तर हे काम पाऊस फुकटात करेल: ३२ चौरस मीटरच्या पूलमध्ये दर १० सेंटिमीटर पाऊस म्हणजे ३,२०० लिटर. पूल पूर्ण रिकामा मात्र करू नका, जमिनीतलं पाणी वर असेल तर खालून येणारा दाब टाईल्स उचकटतो, कधी अख्खी टाकीच उचलतो.

बदललेल्या पाण्याबरोबर स्टॅबिलायझर आणि कॅल्शियमही त्याच प्रमाणात उतरतात. ४० चा ३० होईल. पाणी भरून झाल्यावर पंप रात्रभर चालवा, मग दोन्ही मोजून कमी पडेल तेवढंच घाला.